ब्रिटनचा डिपेंडंट व्हिसा: अर्जाची सेवा कशी आहे आणि जादा पैसे कशावर घालावेत

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर (कुशल कामगार) व्हिसावर नोकरी करणाऱ्याला बायको, नवरा किंवा मुलांना डिपेंडंट, म्हणजे अवलंबित कुटुंबीय, म्हणून बोलावून घ्यायचं असेल तर तीन ठिकाणी व्यवहार करावा लागतो. अर्ज आणि निर्णय ब्रिटिश गृहखात्याच्या यूकेव्हीआय या विभागाकडे, बोटांचे ठसे आणि पासपोर्ट खासगी कंपनी चालवते त्या व्हिसा केंद्राकडे, आणि क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त दवाखान्याकडे. हे परीक्षण या तिन्हींचं आहे, शिवाय त्यांच्याभोवती विकल्या जाणाऱ्या जादा सेवांचंही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नियम स्पष्ट लिहिलेले आहेत, फॉर्म सुटसुटीत आहे, निर्णयही बहुतेक वेळा सांगितलेल्या मुदतीत येतो. पण ही यंत्रणा अर्जदाराला वाटेत कुठेच थांबवत नाही. बँकेचं स्टेटमेंट अपुरं असलं, क्षयाचं प्रमाणपत्र मुदत संपलेलं असलं, जन्मदाखल्यावर मुलाचं नावच नसलं, तरी फॉर्म पुढे सरकतो, फी कापली जाते, ठसेही घेतले जातात. चूक कळते ती नकाराच्या पत्रात. त्यामुळे ही सेवा चांगली ठरते ती फाइल आधीच पक्की करून येणाऱ्यासाठी.

पहिला प्रश्न, कोणाला आणता येतं. नवरा-बायको, नोंदणीकृत सिव्हिल पार्टनर, किमान दोन वर्षं लग्नासारख्या नात्यात असलेला जोडीदार आणि १८ वर्षांखालची मुलं. आई-वडील यात बसत नाहीत. कितीही पगार असला, आई कितीही एकटी असली तरी या मार्गाने नाही. वयस्क नातेवाइकांसाठी वेगळा मार्ग आहे, पण तो ब्रिटिश नागरिक किंवा तिथे कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्यांसाठी आणि त्याच्या अटी फार कडक आहेत. कामाच्या व्हिसावर असलेल्याचे आई-वडील पाहुण्याच्या व्हिसावर येऊ शकतात आणि एका भेटीत सहा महिन्यांपर्यंत राहू शकतात. ‘पॅरेंट डिपेंडंट करून देतो’ असं कोणी सांगत असेल तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

मुख्य अर्जदार, म्हणजे कुटुंबाला बोलावणारा, कोणत्या व्हिसावर आहे हेही बघा, कारण गेल्या काही वर्षांत दारं एकेक करून बंद झाली आहेत. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना डिपेंडंट आणता येत नाहीत. पीएचडी किंवा संशोधनावर आधारित पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि सरकारी शिष्यवृत्तीचे काही अभ्यासक्रम तेवढे अपवाद. म्हणजे एक वर्षाच्या नेहमीच्या मास्टर्सला गेलेल्याला जोडीदार नेता येत नाही. अभ्यास संपवून तो ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर काही काळ राहून काम करण्याच्या परवान्यावर) गेला तरी तिथे नव्याने कोणाला जोडता येत नाही, आधीपासून डिपेंडंट असतील तेच पुढे चालू राहतात. केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्कर म्हणून ११ मार्च २०२४ नंतर नव्याने व्हिसा घेतलेल्यांनाही कुटुंब आणता येत नाही. २२ जुलै २०२५ पासून पदवीपातळीच्या खाली गणल्या गेलेल्या कामांवर नव्याने येणाऱ्यांनाही हेच लागू झालं. डॉक्टर, नर्स, इंजिनियर, सॉफ्टवेअरवाले यांना हा मार्ग खुला आहे. स्पॉन्सरने, म्हणजे नोकरी देणाऱ्याने, दिलेल्या सीओएसवर (प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्रावर) कामाचा चार आकडी ऑक्युपेशन कोड असतो. नोकरीचं नाव काय आहे यापेक्षा तो कोड पाहा.

आणखी एक गोंधळ सर्रास दिसतो. वर्षाला २९,००० पौंड कमाईची अट ऐकून लोक घाबरतात. ती अट ब्रिटिश नागरिक किंवा स्थायिक व्यक्ती आपल्या जोडीदाराला आणते त्या फॅमिली व्हिसाची आहे. स्किल्ड वर्करच्या डिपेंडंटसाठी वेगळी पगाराची अट नाही, बँकेतली ठरावीक शिल्लक दाखवायची असते. इंटरनेटवरच्या सल्ल्यात हे दोन मार्ग इतके मिसळलेले असतात की वाचताना आधी ‘हे कोणत्या व्हिसाबद्दल आहे’ हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये.

आता खर्च. एप्रिल २०२५ च्या तक्त्यात ब्रिटनबाहेरून अर्ज करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसासाठी माणशी ७६९ पौंड आणि त्याहून जास्त मुदतीसाठी १,५१९ पौंड फी आहे. मुलांनाही तीच. तक्ता बहुधा एप्रिलमध्ये बदलतो, म्हणून अर्जाच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर आकडा पुन्हा पाहून घ्या. खरा भार मात्र आयएचएसचा, म्हणजे आरोग्य अधिभाराचा असतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांना वर्षाला १,०३५ आणि १८ खालच्या मुलांना ७७६ पौंड आहे, आणि सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो. हप्ते नाहीत. बायको आणि एक मूल तीन वर्षांसाठी येणार असेल तर फी १,५३८ पौंड, अधिभार ५,४३३ पौंड, मिळून ६,९७१. विमानाचं तिकीट आणि तपासण्या वेगळ्या.

कुटुंब मागाहून येत असेल तर त्यांचा व्हिसा मुख्य अर्जदाराच्या उरलेल्या मुदतीपुरताच मिळतो, अधिभारही तेवढाच. वर्षाच्या वर उरलेले महिने सहा किंवा कमी असतील तर अर्ध्या वर्षाचा, सहाहून जास्त असतील तर पूर्ण वर्षाचा दर लागतो. दोन वर्षं चार महिने उरले असतील तर प्रौढाला २,५८७.५० पौंड. मुख्य अर्जदाराचा व्हिसा वर्षभरातच संपणार असेल तर आधी त्याचं नूतनीकरण होऊ द्यावं की कुटुंबाला लगेच आणावं, याचा हिशोब कागदावर मांडून बघा. लगेच आणलं तर थोड्याच महिन्यांत सगळ्यांची फी पुन्हा भरायची वेळ येते. हेल्थ अँड केअर व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबाला अधिभार पूर्ण माफ आहे आणि तीन वर्षांपर्यंतची फीही याच तक्त्यात ३०४ पौंड. नर्स किंवा डॉक्टरच्या घरच्यांनी फॉर्ममध्ये चुकून साध्या स्किल्ड वर्करच्या डिपेंडंटचा पर्याय निवडला तर हजारो पौंड विनाकारण अडकतात.

पैसे भरण्याचा टप्पा तांत्रिकदृष्ट्या ठीक चालतो, पण रक्कम मोठी असल्यामुळे कार्ड नाकारलं जातं. अर्ज पूर्ण करायच्या आधी बँकेत आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या, दिवसाची मर्यादा वाढवा, आणि शक्य असेल तर ब्रिटनमधल्या माणसाच्या तिथल्या कार्डाने भरा. रुपयातून पौंडात जाताना बँक जो दर आणि जे शुल्क लावते ते वाचतं.

ज्या एका गोष्टीवर सर्वात जास्त वेळ घालवावा ती म्हणजे २८ दिवसांची शिल्लक. जोडीदारासाठी २८५ पौंड, पहिल्या मुलासाठी ३१५, पुढच्या प्रत्येक मुलासाठी २०० पौंड. मुख्य अर्जदार त्याच वेळी अर्ज करत असेल तर त्याचे १,२७० वेगळे. आकडे छोटे आहेत, म्हणूनच लोक इथे निष्काळजी राहतात. अट अशी की ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांत आला पाहिजे. अर्ज १० जूनला भरला आणि स्टेटमेंट ५ जूनला संपत असेल तर ९ मे ते ५ जून या प्रत्येक दिवशी शिल्लक अटीपेक्षा वर हवी. मध्ये एका दिवशी घरभाडं किंवा ईएमआय गेला आणि शिल्लक खाली आली, की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. सरासरी शिल्लक कोणी बघत नाही.

अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरून अर्ज सादर केल्याची तारीख. व्हिसा केंद्रात ठसे देण्याचा दिवस नव्हे. आधी अर्ज भरून टाकू आणि अपॉइंटमेंटपर्यंत स्टेटमेंट तयार करू असा हिशोब केला तर तो सपशेल चुकतो.

खातं कोणाचं हेही महत्त्वाचं. मुख्य अर्जदाराचं, जोडीदाराचं किंवा दोघांचं संयुक्त खातं चालतं. सासऱ्यांच्या किंवा वडिलांच्या नावावरचं चालत नाही, मग त्यात पन्नास लाख का असेनात. विद्यार्थी व्हिसात विद्यार्थ्याला आई-वडिलांचं खातं दाखवता येतं, त्यावरून हा गैरसमज पसरला आहे. शेअर, म्युच्युअल फंड, पेन्शनमधली रक्कम, क्रिप्टो, ओव्हरड्राफ्टची मर्यादा यांतलं काही धरलं जात नाही. मुदत ठेव चालते, पण ती गरज पडल्यास मोडता येते हे कागदावर दिसलं पाहिजे. बँक अशी हवी की तिची नोंद इलेक्ट्रॉनिक असते आणि चौकशी केली तर ती उत्तर देते. छोट्या पतसंस्थेतली रक्कम महिनाभर आधीच मोठ्या बँकेत हलवावी हे बरं. रुपयातल्या शिल्लकेचं रूपांतर अर्जाच्या तारखेच्या दराने ओआन्डा या संकेतस्थळावरून केलं जातं. अगदी काठावरची रक्कम ठेवू नका, दर दोन रुपये हलला तरी निभावेल एवढी जास्त ठेवा.

ए-रेटिंग (सरकारकडचा पूर्ण दर्जा) असलेल्या स्पॉन्सरने पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी घेतली असेल तर शिल्लक दाखवावी लागत नाही. मात्र ती हमी डिपेंडंटनाही लागू असायला हवी. सीओएसवर फक्त कर्मचाऱ्यापुरती टिक असते आणि घरचे त्याच भरवशावर स्टेटमेंट न जोडता अर्ज करतात, असं होऊ शकतं. एचआरकडून कुटुंबाचा उल्लेख असलेलं पत्र घ्यावं. आमचा सल्ला तर असा की हमी असली तरी सहाशे पौंड २८ दिवस ठेवून स्टेटमेंटही जोडावं. मुख्य अर्जदाराला तिथे वर्ष झालं म्हणून कुटुंबाला सूट मिळते असंही नाही. बारा महिन्यांची सूट आहे ती जो अर्ज करतोय तो स्वतः वैध व्हिसावर ब्रिटनमध्ये तेवढा काळ राहत असेल तर.

कागदपत्रांची यादी छोटी आहे: पासपोर्ट, लग्नाचं प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले, पैशाचा पुरावा, क्षयाचं प्रमाणपत्र, आणि मुख्य अर्जदाराचा अर्ज क्रमांक किंवा ई-व्हिसाचा (व्हिसाच्या ऑनलाइन नोंदीचा) तपशील. डिपेंडंटला स्वतंत्र सीओएस लागत नाही. प्रत्येकाचा फॉर्म मात्र वेगळा, तान्ह्या बाळाचाही. अडचण येते ती नावांत. आपल्याकडे लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि पासपोर्टवर कधी आडनावाची जागाच रिकामी. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं सासरचं नाव असेल तर अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्या दोन व्यक्ती असू शकतात. लग्नाच्या नोंदणी प्रमाणपत्राने हा दुवा जुळतो, तिथे दोन्ही नावं स्पष्ट असतील तर बाकी काही लागत नाही. नसतील तर राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा, आणि फॉर्ममध्ये ‘इतर कोणत्या नावाने ओळखले जाता का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून ती सगळी नावं लिहा. तिथे ‘नाही’ लिहून खाली वेगळ्या नावाचे कागद जोडणं ही टाळता येण्यासारखी चूक आहे.

जन्मदाखला काढून बऱ्याच वर्षांत कोणी पाहिलेला नसतो. बाळाचं नाव ठरण्याआधी नोंद झाली असेल तर दाखल्यावर नावाची जागा कोरी असते. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात जाऊन नाव घालून नवा दाखला घ्यावा लागतो आणि त्याला किती दिवस लागतील ते त्या कार्यालयावर आहे. म्हणून हे काम सर्वात आधी हाती घ्या. लग्नाचंही तसंच. मंगल कार्यालयाची पावती, लग्नपत्रिका किंवा देवळाने दिलेलं पत्र हे निबंधकाच्या प्रमाणपत्राला पर्याय नाहीत.

दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं, आणि त्यावर भाषांतर मूळ मजकुराशी अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील असायला हवा. यातलं एखादं राहिलं तर भाषांतर धरलं जात नाही. मूळ मराठी दाखल्याचं स्कॅनही सोबत जोडायचं. अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून घेतलेलं सरकारी साक्षांकन) मात्र या अर्जाला लागत नाही. आखाती देशांच्या व्हिसासाठी कागद साक्षांकित करून घ्यावे लागतात, त्या सवयीने दलाल इथेही ती सेवा विकतात. तो खर्च वाचवा.

नुकतंच लग्न झालेल्या जोडप्यांनी नात्याच्या पुराव्याकडे थोडं जास्त लक्ष द्यावं. दोघं प्रत्यक्ष भेटलेले असणं आणि ब्रिटनमध्ये एकत्र राहण्याचा इरादा असणं ही नियमातली अट आहे. साखरपुड्यापासूनचे मोजके फोटो, दोघांच्या प्रवासाची तिकिटं, पैसे पाठवल्याच्या नोंदी, ठरावीक अंतराने घेतलेले संभाषणाचे काही स्क्रीनशॉट, एवढं पुरतं. चारशे फोटोंचा अल्बम चढवून काही साध्य होत नाही, उलट महत्त्वाचा कागद त्यात हरवतो. लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत आणि मुलं आहेत अशा अर्जात प्रमाणपत्र आणि जन्मदाखलेच बहुतेक काम करतात.

मुलांच्या बाबतीत नियम साधा वाटतो आणि त्याच्या कडा धारदार आहेत. दोन्ही पालक ब्रिटनमध्ये राहत असावेत किंवा मुलासोबत येत असावेत. एकच पालक तिथे असेल तर मुलाच्या संगोपनाची जबाबदारी पूर्णपणे त्याच्यावर आहे हे सिद्ध करावं लागतं, किंवा दुसरा पालक हयात नाही हे. ‘बायको सध्या नोकरी सोडत नाही, मुलाला आधी पाठवतो’ हे म्हणूनच बहुधा जमत नाही. मुलाचा व्हिसा दोघांपैकी ज्याचा आधी संपतो त्या तारखेपर्यंतच मिळतो. सोळा वर्षांवरच्या मुलासाठी तो घरच्यांसोबत राहतो याचे कागद मागतात, उदाहरणार्थ बँकेचं स्टेटमेंट किंवा कॉलेजचं पत्र. वय मोजलं जातं ते अर्जाच्या तारखेला. सतरा वर्षं अकरा महिने झालेल्या मुलाचा अर्ज अठराव्या वाढदिवसाआधी भरला तर चालतो, एक दिवस उशीर झाला तर हा मार्ग बंद. घरात असं मूल असेल तर इतर सगळं वेळापत्रक त्या वाढदिवसावरून मागे मोजत ठरवा.

क्षयाची तपासणी ही या साखळीतली सर्वात बिनचूक चालणारी सेवा म्हणावी लागेल. भारतात सहा महिने किंवा जास्त राहिलेल्या आणि ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त जाणाऱ्या प्रत्येकाला ती लागते, आणि यूकेव्हीआयच्या यादीतल्याच दवाखान्यात करावी लागते. दुसरीकडे काढलेला एक्स-रे कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही. प्रौढांचा छातीचा एक्स-रे होतो. अकरा वर्षांखालच्या मुलांचा सहसा काढत नाहीत, डॉक्टर प्रश्न विचारून प्रमाणपत्र देतात, पण मुलालाही तिथे न्यावंच लागतं. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. धोका एकाच ठिकाणी आहे: एक्स-रेमध्ये जुना डाग दिसला किंवा शंका आली तर थुंकीची तपासणी करतात आणि तिच्या कल्चरचा निकाल यायला आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. गरोदर स्त्रीने एक्स-रेऐवजी थुंकीचा पर्याय निवडला तरी तेवढाच वेळ. पूर्वी क्षय होऊन गेला असेल तर जुने रिपोर्ट आणि औषधोपचार पूर्ण झाल्याचा कागद सोबत न्या, आणि ही तपासणी २८ दिवसांची शिल्लक मोजायला सुरुवात करायच्या आधीच उरकून घ्या.

आता व्हिसा केंद्र, जिथे सर्वात जास्त जादा विक्री होते. केंद्राचं मूळ काम मर्यादित आहे: ठसे आणि फोटो घेणं, पासपोर्ट आणि कागद पुढे पाठवणं. निर्णयात त्यांचा कसलाही हात नसतो आणि ‘हा कागद पुरेल का’ या प्रश्नाचं अधिकृत उत्तर काउंटरवर मिळत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात, पण मुलासोबत पालक हजर असावा लागतो.

केंद्रात जे विकलं जातं त्यात कागद स्कॅन करून देण्याची सेवा घरी स्कॅनर किंवा चांगला फोन नसेल तरच घ्या. स्वतः चढवणं फुकट आहे आणि त्यात फायदाच आहे, कारण कोणता कागद कुठल्या सदरात गेला यावर तुमचं नियंत्रण राहतं. प्रत्येक फाइलला स्पष्ट नाव द्या, पानं सरळ ठेवा, स्टेटमेंटची सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये घ्या, आणि हे अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवसापर्यंत संपवा. आरामदायी लाउंज आणि एसएमएस यांच्याने निर्णय जराही लवकर येत नाही. तान्हं बाळ किंवा वृद्ध सोबत असेल तर लाउंजचा थोडा उपयोग म्हणता येईल, एरवी नाही. निर्णय होईपर्यंत पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याची सेवा खरोखर मधल्या काळात कुठे जायचं असेल तर उपयोगी आहे.

प्रायॉरिटीचा विचार वेगळा करावा. ब्रिटनबाहेरून केलेल्या अर्जाचा निर्णय नेहमीच्या रांगेत ठसे दिल्यापासून तीन आठवड्यांत अपेक्षित असतो. माणशी ५०० पौंड जादा भरले तर पाच कामाचे दिवस, आणि जिथे सुपर प्रायॉरिटी उपलब्ध आहे तिथे १,००० पौंडांत पुढच्या कामाच्या दिवसाअखेर. बायको आणि मूल दोघांसाठी घेतलं तर हजार पौंड केवळ दोन आठवडे वाचवायला जातात. शाळेचं सत्र सुरू होत असेल, बाळंतपणाचे दिवस जवळ असतील आणि विमानप्रवासाची मुदत संपत असेल, तर घ्या. एरवी तिकीट आठवडाभर उशिराचं काढा. मुख्य म्हणजे प्रायॉरिटीने कमकुवत फाइल मजबूत होत नाही. अधिकाऱ्याला जादा पडताळणी करावीशी वाटली तर अर्ज त्या मुदतीबाहेर जातो आणि ती रक्कम सहसा परत मिळत नाही.

एजंट आणि सल्लागारांबद्दलही लिहायलाच हवं. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्याला इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीची नोंदणी लागते (जानेवारी २०२५ पर्यंत या संस्थेचं नाव ओआयएससी होतं), किंवा तो सॉलिसिटर किंवा बॅरिस्टर, म्हणजे तिथला वकील, असावा लागतो. नोंदणी फुकट तपासता येते. साध्या सरळ कुटुंबाला, म्हणजे लग्न नोंदलेलं आहे, नावं जुळतात, मुलं दोघांची आणि लहान आहेत, कधी व्हिसा नाकारलेला नाही, अशांना सल्लागाराची गरज नाही. घटस्फोटानंतरचं मूल, एकट्या पालकाची जबाबदारी, पूर्वीचा नकार, अठराच्या उंबरठ्यावरचं मूल, अशा प्रकरणांत मात्र नोंदणीकृत वकिलाला दिलेले पैसे वाया जात नाहीत. फॉर्म कोणीही भरून देवो, त्यात ईमेल आणि फोन क्रमांक अर्जदाराचाच असला पाहिजे. एजंटने स्वतःचा ईमेल घातला तर यूकेव्हीआयचं खातं त्याच्या हातात राहतं, आणि आता तर व्हिसाच त्या खात्यात असतो.

कारण कार्डं गेली. बीआरपी ही प्लास्टिकची ओळखपत्रं ३१ ऑक्टोबर २०२४ नंतर दिली जात नाहीत, त्यांच्या जागी ई-व्हिसा आला. पासपोर्टवर स्टिकर मिळालाच तर त्याची मुदत ९० दिवसांची असते आणि त्या काळात ब्रिटनमध्ये प्रवेश करावा लागतो. ई-व्हिसावरचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक विमानात बसण्याआधी तपासा. नवा पासपोर्ट काढला की तो खात्यात लगेच जोडा, नाहीतर विमानतळावर चेक-इनला अडचण येते. ही नवी पद्धत एकदा जुळली की सोयीची आहे: नोकरी देणाऱ्याला किंवा घरमालकाला ९० दिवस चालणारा शेअर कोड (ज्याने ते तुमचा व्हिसा ऑनलाइन तपासू शकतात) द्यायचा, एवढंच.

अर्ज नाकारला गेला तर आरोग्य अधिभार आपोआप परत येतो, फी येत नाही. ठसे देण्याआधी अर्ज मागे घेतला तर फीही परत मिळते, त्यामुळे अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी मोठी चूक लक्षात आली तर मागे घेऊन नव्याने भरणं शहाणपणाचं. नकारानंतर २८ दिवसांत ८० पौंड भरून प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. पण ती अधिकाऱ्याने नियम चुकीचा लावला आहे का हे बघते. राहिलेला कागद आता जोडून सहसा उपयोग होत नाही. स्टेटमेंट अपुरं होतं म्हणून नकार आला असेल तर फेरतपासणीत आठवडे घालवू नका, दुरुस्त फाइल घेऊन नवा अर्ज करा आणि त्यात आधीचा नकार न लपवता लिहा. स्टेटमेंट व्यवस्थित असूनही अधिकाऱ्याने तारखा चुकीच्या मोजल्या असतील, तर फेरतपासणी जरूर मागा.

पाहुण्याच्या व्हिसावर नेऊन तिथेच डिपेंडंट करून घेण्याचा जो सल्ला फिरतो तो चुकीचा आहे. पाहुण्याला ब्रिटनमध्ये राहून या व्हिसावर जाता येत नाही, भारतात परत येऊनच अर्ज करावा लागतो.

मिळणाऱ्या हक्कांच्या बाबतीत हा व्हिसा उदार आहे आणि एवढे पैसे देण्याचं समर्थन इथेच होतं. जोडीदाराला कुठलीही नोकरी करता येते, स्वतःचा व्यवसाय करता येतो, शिकता येतं; व्यावसायिक खेळाडू किंवा खेळाचा प्रशिक्षक म्हणून तेवढं काम करता येत नाही. वेगळा स्पॉन्सर लागत नाही. मुलांना सरकारी शाळेत फुकट प्रवेश मिळतो, मधल्या सत्रात आले तर स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करायचा. सरकारी भत्ते मात्र घेता येत नाहीत. कायम वास्तव्याची जोडीदाराची मोजणी त्याच्या स्वतःच्या डिपेंडंट व्हिसापासून सुरू होते, मुख्य अर्जदाराच्या नव्हे, आणि कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांहून जास्त ब्रिटनबाहेर राहिलं तर ती तुटू शकते. बाळंतपणासाठी किंवा घरच्यांच्या आजारपणात लांब मुक्कामाला येणाऱ्यांनी हे दिवस लिहून ठेवावेत.

बाळ ब्रिटनमध्येच जन्मलं तर त्याचा हिशोब वेगळा. आई-वडील दोघंही कामाच्या किंवा डिपेंडंट व्हिसावर असतील तर ते बाळ जन्माने ब्रिटिश नागरिक होत नाही. इंग्लंडमध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांत करायची, मग भारतीय उच्चायुक्तालयाकडून पासपोर्ट घ्यायचा, आणि त्यावर डिपेंडंटचा अर्ज तिथूनच करायचा. ब्रिटनमध्ये राहायला बाळाला व्हिसाची घाई नसते, पण त्याच्याशिवाय भारतात आणलं तर परत जाताना अडतं आणि इथून नव्याने अर्ज, कदाचित क्षयाचं प्रमाणपत्र, सगळं करावं लागतं. ब्रिटनमधून केलेल्या अर्जाची फी एप्रिल २०२५ च्या तक्त्यात तीन वर्षांपर्यंत ८८५ पौंड आहे, अधिभार वेगळा. अर्ज निकालात निघण्याआधी बाळाला घेऊन ब्रिटन सोडलं तर तो मागे घेतला असं धरतात, म्हणून आजी-आजोबांना भेटायचं तिकीट निर्णय हातात आल्यावरच काढा.